किंमत कोण मोजतो? : विज्ञानकथा वाचताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या गोंदिया भागातल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवलं. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी विज्ञानकथा सुचवली. गेल्या काही काळात मी जुन्या-नव्या, मराठी आणि परभाषी विज्ञानकथा सलग वाचत आलो आहे. त्यांविषयीची माझी मतं आज मांडणार आहे. ती एका वाचकाची मतं आहेत, पण विचार करून, ताडून पाहून बनवलेली आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विज्ञानकथा चांगली की वाईट हे ठरवताना आपण तिच्यातली कल्पना किती अचाट आहे ते पाहतो. तिच्यातलं भाकीत खरं ठरलं का, हेही पाहतो. माझ्या मते खरी कसोटी वेगळी आहे. कथेतल्या शोधाची किंमत कोण मोजतो, हे ती कथा दाखवते का? ज्या कथा हे दाखवतात त्या वर्षानुवर्षं मनात राहतात. ज्या दाखवत नाहीत त्या हुशार वाटतात आणि विसरल्या जातात.

सुरुवात अर्थातच जयंत नारळीकरांपासून. २० मे २०२५ रोजी ते गेले आणि त्यानंतर मी त्यांच्या कथा पुन्हा काढून वाचल्या. त्यांच्या कथालेखनाचा आरंभ अनेकांना ठाऊक असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून नारळीकरांनी घेतलेलं ते नाव होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या अक्षरात लिहून काढली होती. तिला पहिलं पारितोषिक मिळालं. जगभर नाव असलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणून तपासली जावी असं वाटलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. 

त्यांच्या कथांमधली मला सर्वांत जास्त आवडते ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार, सभांच्या अध्यक्षपदाचं सहस्र पुरं करायला निघालेले. एका अपघातानंतर ते अशा मुंबईत जाऊन पोचतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून व्यवहार करते आहे. ग्रंथालयात बसून ते शोधत जातात की इतिहासाची वाट कुठे फुटली. ती पानिपतावर फुटलेली असते. त्या जगात विश्वासरावांना गोळी लागत नाही, ती कानाला चाटून जाते. १७६१ ची लढाई मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो.

या कथेत पुंजभौतिकीतली अनिश्चितता आहे, आपत्तिसिद्धान्त आहे. पण ती मनाला लागते ती दुसऱ्याच कारणाने. मराठी घरांत पानिपत ही अडीचशे वर्षं भळभळणारी जखम आहे. ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनी कितीदा विचारला असेल. नारळीकरांनी त्या प्रश्नाला विज्ञानाचं शरीर दिलं. म्हणूनच ही कथा दुसऱ्या कुठल्या भाषेत जन्माला येऊ शकली नसती. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेतही तेच. मोबियसच्या पट्टीसारखा अवघड भूमितीचा विचार, डाव्याचं उजवं होणं, हे त्यांनी आपल्या देवघरातल्या मूर्तीवर आणून ठेवलं. कल्पना विश्वाची आणि वस्तू घरची, हा त्यांचा विशेष आहे.

आता मी दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोलणार आहे, कारण माझा मुद्दा त्यांच्या तुलनेतून उमगला. पहिली नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा. बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या संग्रहातून ती इंग्रजी वाचकांपर्यंतही गेली. तीत मुंबईवर बर्फ पडतं. वसंत चिटणीस हे शास्त्रज्ञ हिमयुगाचा इशारा देतात. समुद्राने साठवलेली उष्णता कमी झाली की वातावरणात बर्फाचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात, ते सूर्यप्रकाश परत फेकतात आणि थंडी थंडीला वाढवत नेते. आधी कुणी ऐकत नाही, मग ऐकावं लागतं आणि अखेर अग्निबाणांनी वातावरणात कण सोडून उष्णता परत आणायचा उपाय केला जातो. हवामानबदल हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रोजचा होण्याच्या फार आधी एका मराठी लेखकाने आकाशात हस्तक्षेप करण्याची कथा लिहिली होती, याचा मला अभिमान वाटतो.

दुसरं पुस्तक अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही २०२० ची कादंबरी. ती सुरू होते उत्तर प्रदेशातल्या एका गावात, उष्णतेच्या लाटेत. वीज जाते. हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही. माणसं तळ्यात उतरतात आणि तळ्याचं पाणीच अंगापेक्षा गरम असतं. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. विदर्भात राहणाऱ्या माणसाला ते प्रकरण वाचवत नाही. आपल्याला नवतप्याचं ऊन माहीत आहे, मे महिन्यातली दुपार माहीत आहे. पण आपली मेची हवा कोरडी असते, म्हणून घाम आपल्याला वाचवतो. खरं संकट ऊन आणि दमट हवा एकत्र आल्यावर येतं. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीचा पारा ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांत दगावू शकतो. प्रत्यक्षात धोका त्याच्याही बराच आधी सुरू होतो. पावसाने ताण दिला आणि जुलैच्या उघडिपीत डोक्यावर ऊन तापलं की धानाच्या रोवणीला चिखलात वाकलेल्या बायका नेमक्या अशाच हवेत तासन् तास उभ्या असतात. रॉबिन्सनना गोंदिया ठाऊक नसेल, पण त्यांचं पहिलं प्रकरण आपल्या धानाच्या बांधीपर्यंत येतं.

कादंबरीत पुढे भारत सरकार कुणालाही न विचारता विमानांनी आकाशात गंधकाचा वायू सोडतं, सूर्यप्रकाश थोडा अडवायला. हे निव्वळ कल्पनारंजन नाही. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात गेला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. म्हणजे हा उपाय निसर्गाने एकदा करून दाखवला आहे. पण त्याच काळात, १९९२ मध्ये, जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही लक्षात येण्याइतका घटला.

इथे माझा प्रश्न उभा राहतो. सूर्य थोडा झाकला की जमीन कमी तापते. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर आपला मान्सून चालतो. तो फरक कमी झाला तर पावसाचं काय? दिल्ली थंड झाली आणि गोंदियात धानाचे पऱ्हे वाळले, तर तो उपाय यशस्वी म्हणायचा का? मला रॉबिन्सनच्या कादंबरीत एका पावसाळ्याचं प्रकरण हवं होतं. आकाशात वायू सोडल्यानंतरचा पहिला जुलै. शेताची बोडी अर्धी भरली आहे, पऱ्हे रोवणीला आले आहेत, आणि घरात वाद चालू आहे की थांबायचं की मोटार लावायची. इतक्या थोर कादंबरीत ते मला मिळालं नाही. नारळीकरांच्या कथेतही सारा ताण शास्त्रज्ञाचं ऐकलं जातं की नाही, यावर आहे. दोन्ही लेखक आकाशाकडे पाहतात, दोघांचं विज्ञान पक्कं आहे. आकाश बदलल्यावर खाली वाकून काम करणाऱ्या माणसाच्या ताटात काय उरतं, ही कथा अजून लिहायची राहिली आहे.

असा हिशेब मांडणाऱ्या कथा जगात आहेत. अर्सुला ले ग्विन यांची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही १९७२ ची लघुकादंबरी मला त्यांत सर्वश्रेष्ठ वाटते. पृथ्वीवरचं लाकूड संपलं आहे, म्हणून माणसं दुसऱ्या ग्रहावर जंगल तोडायला जातात. तिथले रहिवासी बुटके, अंगावर हिरवी लव असलेले, स्वप्नांना जागेपणाइतकंच खरं मानणारे. त्यांना माणूस मारणं माहीत नाही. माणसं त्यांना गुलामासारखं राबवतात. सेल्व्हर नावाच्या एकाची बायको एका कप्तानाच्या अत्याचारात मरते आणि सेल्व्हर आपल्या लोकांना लढायला शिकवतो. ते जिंकतात, माणसं परत जातात. पण लेखिका तिथे सुस्कारा सोडू देत नाही. मारणं शिकलेल्या समाजाला ते विसरता येत नाही. जंगल वाचलं, त्याची ही किंमत. ज्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आहे, जिथे माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे गोंडी समाजाची माणसं दूरदुरून चालत येतात, तिथल्या वाचकाला हे पुस्तक परग्रहावरचं वाटणार नाही. याचा चांगला मराठी अनुवाद व्हावा आणि शक्य झालं तर गोंडीतही व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ ही २०२१ ची कादंबरी अगदी शांत आवाजात हेच करते. कथा सांगते क्लारा, सूर्यप्रकाशावर चालणारी एक यंत्रसखी. ज्या मुलीच्या सोबतीला ती आली आहे ती जोसी आजारी आहे. श्रीमंत घरांत मुलांची बुद्धी वाढावी म्हणून त्यांच्या जनुकांत बदल करतात, त्याचा हा परिणाम आहे. जोसीची थोरली बहीण त्यातच गेलेली आहे. आईला हे माहीत होतं, तरीही दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तिने तोच निर्णय घेतला. शिकवण्या, प्रवेशपरीक्षा यांच्या स्पर्धेत आपल्या मुलांना ढकलणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी ही कादंबरी वाचावी.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’बद्दल माझं मत संमिश्र आहे. २०१५ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि जगभर तिची चर्चा झाली. तीन सूर्यांच्या ओढीत सापडलेल्या ग्रहाची कल्पना थक्क करणारी आहे. पण पुढेपुढे माणसं कल्पनेची वाहनं होऊन जातात. कादंबरी उभी राहते ती पहिल्या प्रकरणांवर. सांस्कृतिक क्रांतीत एका भौतिकशास्त्रज्ञाला जमावासमोर मारून टाकतात आणि त्याची मुलगी ते पाहते. पुढे ती अवकाशात संदेश पाठवते, तेव्हा माणूसजातीवरचा तिचा विश्वास का उडाला हे आपल्याला ठाऊक असतं. तेवढ्या भागासाठी मी ती पुन्हा वाचेन.

आता आपल्या मराठीकडे येतो. आपली परंपरा लहान नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. नारायण धारपांनी भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहिल्या. ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुताची आवड जोपासली. नारळीकरांच्या बरोबरीने आणि त्यांच्या मागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी ही वाट रुंद केली. आपल्या विदर्भाचे, परतवाड्यात जन्मलेले अरुण साधू राजकीय कादंबऱ्यांसाठी ओळखले जातात, पण ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी त्यांनीच लिहिली. हे सगळं मी आदराने वाचलं आहे.

आणि आदर आहे म्हणूनच एक तक्रार स्पष्ट सांगतो. माझ्या वाचनातल्या बहुतेक मराठी विज्ञानकथा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत घडतात. नायक शास्त्रज्ञ असतो, त्याला प्रश्न विचारणारा पत्रकार किंवा मित्र असतो आणि उत्तर शेवटच्या पानावर शास्त्रज्ञच देतो. धान पिकवणारा, तेंदूपत्ता तोडणारी, राइस मिलमधला हमाल, आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका ही माणसं तिथे आलीच तर गर्दीत येतात. विज्ञानाचे परिणाम मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त यांच्यावर होतात.

नारळीकरांनंतर महिनाभराच्या आतच, १८ जून २०२५ रोजी, मारुती चितमपल्ली गेले. ते आपले होते असं म्हणायचा या जिल्ह्याला हक्क आहे. नवेगाव बांधच्या काठी त्यांनी वनाधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांतून ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं गेलं. २००६ मध्ये सोलापूरच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. झाडं, पाखरं, तळी यांची नावं आणि सवयी ते इथल्या माणसांकडून शिकले आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. एकाच वर्षी मराठीने आकाश वाचणारा आणि रान वाचणारा असे दोन्ही लेखक गमावले. मला वाटतं, पुढची मराठी विज्ञानकथा या दोघांना एकत्र आणूनच घडेल. नारळीकरांची शिस्त हवी, म्हणजे विज्ञान वगळलं तर कथाच कोसळली पाहिजे. आणि चितमपल्लींची नजर हवी, म्हणजे कथा ज्या जमिनीवर घडते तिथलं गवतसुद्धा लेखकाला नावाने माहीत असलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, गोंदियात विज्ञानकथेला विषय कुठला? मी सांगतो. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, एक ‘कमला’ आणि दुसरा ‘पुसा डीएसटी राइस १’. कमला हा सांबा मसुरीतून तयार केलेला. तो सुमारे वीस दिवस लवकर येतो आणि उत्पादन एकोणीस टक्क्यांच्या आसपास जास्त देतो, असा परिषदेचा दावा आहे. दुसरा वाण कोरड आणि खारेपणा सोसावा म्हणून घडवलेला. तो ज्या मूळ वाणापासून केला आहे त्याचं नाव एमटीयू १०१०. या सभागृहात धानाची शेती असलेली किती घरं आहेत ते मला माहीत आहे, आणि १०१० ओळखत नाही असं त्यांतलं एकही घर नसेल.

हे संपादन करणारी ‘क्रिस्पर’ ही कात्री घडवण्यासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळालं. या वाणांत बाहेरच्या जिवाचं जनुक घातलेलं नाही, भाताच्याच जनुकात नेमका छेद दिला आहे. अशा बदलांना आपल्या सरकारने २०२२ मध्ये जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. लवकर येणारा धान म्हणजे पाण्याची बचत, दुसऱ्या पिकाला वेळ. हे मोठं वरदान ठरू शकतं आणि मी त्याच्या विरोधात बोलत नाही. पण त्या कात्रीची पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. दुसरीकडे २००१ चा आपला कायदा शेतकऱ्याला घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क देतो. या दोन गोष्टी एका बांधीत समोरासमोर आल्या तर? वीस दिवस लवकर पिकणाऱ्या धानाने मजुरीचं वेळापत्रक बदललं तर रोवणी-कापणीवर जगणाऱ्या बाईचं काय? आणि सारसाचं काय? महाराष्ट्रात सारस मुख्यतः आपल्याच भागात उरला आहे. तो तलावाच्या काठी आणि धानाच्या बांधीत घरटं करतो, आणि उभ्या पिकात त्याच्या पिल्लाला आडोसा मिळतो. वीस दिवस आधी कापणी झाली तर ते पिल्लू कुठे लपेल?

हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. बांधावर उभं राहून ते विचारता येतात, आणि त्यांतला प्रत्येक प्रश्न एका कथेचं बीज आहे. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. इथली वीज दूरच्या शहरांकडे जाते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं चालवणाऱ्या संगणककेंद्रांची विजेची भूक वाढते आहे. मुंबईत कुणीतरी यंत्राला प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरासाठी तिरोड्याच्या भट्टीत कोळसा जळतो, ही कथा तिरोड्याच्या मुलाने लिहायला हवी. शतकांपूर्वी कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. उतार, माती, पाट यांचं ते ज्ञान म्हणजे या भूमीचं तंत्रज्ञान आहे. उद्याचं हवामान बदलल्यावर ते तलाव काय करतील, ही कथा नवेगावच्या मुलीने लिहायला हवी.

आणि फक्त छापील कथाच कशाला? दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात, तिकीट काढून हजारो माणसं बसतात. असा प्रेक्षक महाराष्ट्रात दुसरीकडे शोधून सापडणार नाही. या रंगभूमीवर कौटुंबिक नाटक चालतं, सामाजिक चालतं. बियाण्याच्या हक्कावरचं, न पडलेल्या पावसावरचं विज्ञाननाटक का चालणार नाही? आपल्या झाडीबोलीत ते झालं तर मंडपातल्या प्रत्येकाला ते स्वतःचं वाटेल, कारण त्यातल्या किमतीचा हिशेब तो घरी रोज करतो.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. नारळीकर वाचा, ले ग्विन वाचा, रॉबिन्सन वाचा. विज्ञान नीट समजून घ्या, ढिलं विज्ञान कथेला बुडवतं. मग लिहायला बसा आणि प्रत्येक पानावर स्वतःला विचारा, या शोधाचा फायदा कुणाला होतो आहे, आणि त्याचं देणं कुणाच्या नावावर लागतं आहे. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आपल्याला खुली आहे. १९७४ मध्ये तिथे एका शास्त्रज्ञाने नाव बदलून कथा पाठवली होती. तुम्ही तुमच्या नावाने पाठवा आणि गावाचं नावही लिहा. आकाशातले शोध आता आपल्या बांधीत येत आहेत. त्यांचा हिशेब मांडायचा पहिला अधिकार इथल्या माणसाचा आहे, आणि तो त्याने वापरला पाहिजे.